ठीकच आहे म्हणणाऱ्यांची खुर्ची

बसा मित्रांनो, पण माझ्यावर नको. मी एक जुनी घडीची खुर्ची आहे आणि आज माझ्या चारही पायांना रग लागली आहे. खाली बसा, भिंतीला टेका आणि ऐका. माझी कहाणी काही फार मोठी नाही. लोकांनी बसायचे आणि मी सोसायचे, एवढेच माझे आयुष्य. पण मधे एक गोष्ट घडली. ती तुम्हाला सांगितली की मीही जरा मोकळी होईन.

माझा जन्म पत्र्याच्या एका शेडमध्ये झाला. पाइप यंत्रात घालून वाकवले, पत्रा दाबून बैठकीपुरता खोलगट केला, सांध्यांत रिव्हेट ठोकले आणि वरून करडा रंग फवारला. तो रंग नीट वाळायच्या आधीच मला इतर खुर्च्यांवर रचून टाकले. त्यामुळे माझ्या पाठीवर शेजारणीचा ओरखडा उठला, त्याला मी जन्मखूण म्हणते. शेडमध्ये एक तपासनीस होता. तो प्रत्येक खुर्चीवर धपकन बसायचा आणि उठायचा. माझ्यावर बसून तो म्हणाला, "ही काही मोडत नाही." ती माझ्या वाट्याला आलेली पहिली शाबासकी. तेव्हा मला केवढा आनंद झाला होता. पुढे कळले की एकदा असे कोणी म्हटले, की मग आपल्याकडे कोणी वाकून बघत नाही.

तरुणपणी मी भाड्याने हिंडले. सभा झाल्या, लग्ने झाली, शाळांचे बक्षीस समारंभ झाले. भाषण लांबले की माणसे कशी चुळबुळतात ते मला विचारा. वधूचे मामा आणि वराचे मामा यांच्यातले जास्त वजनदार कोण, याचे उत्तरही माझ्याकडे आहे, पण मी ते सांगत नसते. मग प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. त्या हलक्या, रंगीत, एकावर एक पटापट बसणाऱ्या. आम्हाला गोदामाच्या कोपऱ्यात टाकले. माझ्या एका पायाची रबरी टोपी तिथेच कुठेतरी हरवली.

तिथून आम्हाला मास्तरांनी नेले. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. दवाखान्याच्या मागे त्यांना एक खोली वापरायला मिळाली होती. एक खिडकी, कुरकुरणारा पंखा, दाराबाहेर बेसिन. दर गुरुवारी संध्याकाळी तिथे दारू सोडलेली माणसे गोल करून बसायची. मास्तरही त्यांच्यातलेच. त्यांनी फार पूर्वी सोडली होती.

मित्रांनो, मला आधी वाटायचे की दारू सोडली म्हणजे सुटली, विषय संपला. इथे येऊन कळले की तसे नसते. दात जसे रोज घासावे लागतात, तशी ती रोज सकाळी नव्याने सोडावी लागते. काल घासले होते, हे आज उपयोगाचे नाही.

नवा माणूस माझ्यावर कसा बसतो, ते मला न बघता कळते. तो कडेला टेकतो, दोन्ही हातांनी माझ्या बैठकीची कड घट्ट धरतो, आणि त्याच्या हातांबरोबर मीही थरथरते. काही महिन्यांनी तो पाठ टेकतो. आणखी काही वर्षांनी पाय लांब करतो आणि शेजारच्याची थट्टा करतो. कित्येक जण मधेच यायचे बंद झाले. काही परत आले, काही आलेच नाहीत. न आलेल्यांचे वजनही मला आठवते.

पेंटर पहिल्यांदा आला तेव्हा दाराजवळची खुर्ची म्हणून माझ्यावर बसला. घरांना रंग देणारा माणूस. नखांत रंग, बुटांवर चुन्याचे थेंब, खांद्याला ब्रशांची पिशवी. ती पिशवी त्याने माझ्याखाली ठेवली. पुढच्या गुरुवारी पुन्हा माझ्यावरच बसला, आणि मग मी त्याचीच झाले. तो लटपटत आला होता, तो हळूहळू सावरला. कामे मिळू लागली. माहेरी भावाकडे निघून गेलेली बायको परत आली. त्याच्या पाठीचा भार माझ्या पाठीवर सैल पडू लागला, तेव्हा मला खरोखर बरे वाटले.

मग त्याचे कौतुक सुरू झाले. नवा कोणी आला की मास्तर म्हणायचे, "पेंटरकडे बघ. एकदा सोडली ती सोडली." नव्यांना त्याच्या शेजारी बसवायचे. कोणाचा पाय घसरला की पेंटर त्याच्या घरी जायचा, त्याच्या आईला धीर द्यायचा. एका ट्रकवाल्याला तर त्याने गुत्त्याच्या दारातून हाताला धरून परत आणले होते. सगळे त्याला मानायचे.

आणि इथेच त्या खोलीतली एक चूक होती. ती कोणी ठरवून केली नव्हती, पडलेली रीत होती. मास्तर डावीकडून सुरुवात करायचे आणि एकेकाला विचारायचे, "काय चाललंय? कसा गेला आठवडा?" नव्यांना खूप वेळ द्यायचे. ते बरोबरच होते. पण जुन्यांपाशी आले की विचारायचे नाहीत. पेंटरपाशी येऊन म्हणायचे, "आपला पेंटर तर ठीकच आहे." पेंटर मान हलवायचा, म्हणायचा, "ठीकच आहे," आणि पाळी पुढे सरकायची. वर्षानुवर्षे असेच चालले. जुना झाला म्हणजे बरा झाला, असे सगळे धरून चालले होते.

मला मात्र त्याची पाठ कळत होती. ती पुन्हा माझ्यापासून सुटू लागली होती. तो कडेला सरकू लागला. एक पाय सारखा हलत राहायचा. कोणी रडत बोलू लागले की तो पूर्वी पुढे झुकायचा, आता नुसता बसून राहायचा. एकदा बैठक संपल्यावर तो ट्रकवाल्याला म्हणाला, "संध्याकाळी घरी गेलो की काय करायचं तेच कळत नाही रे." ट्रकवाला हसला. म्हणाला, "दादा, तुम्हाला काय, तुमचं सगळं मार्गी लागलंय." पेंटरही हसला. त्यानंतर तो तसे कोणापाशी बोलला नाही.

मग एका गुरुवारी त्याने पिशवी माझ्याखाली ठेवली आणि माझ्या पायाला एक बाटली लागली. मित्रांनो, त्याच्या पिशवीत रंग पातळ करायच्या टर्पेंटाइनची बाटली नेहमीच असायची. ती अर्धीमुर्धी असते, डचमळते. ही डचमळली नाही. ही काठोकाठ भरलेली होती, न उघडलेली.

पुढच्या गुरुवारी ती तशीच होती. त्याच्या पुढच्याही. तो ती उघडत नव्हता आणि टाकतही नव्हता. नुसती घेऊन हिंडत होता. "आपला पेंटर तर ठीकच आहे," मास्तर म्हणाले. "ठीकच आहे," पेंटर म्हणाला. मला तोंड असते तर मी ओरडले असते. पण खुर्चीला फक्त कुरकुरता येते, आणि कुरकुरणाऱ्या खुर्चीला लोक फार तर पायाखाली कागदाची घडी देतात.

माझेही तेव्हा बरे चालले नव्हते. डाव्या बाजूचा रिव्हेट झिजून भोक मोठे झाले होते. ही काही मोडत नाही म्हणून कोणी पाहिले नव्हते. त्या संध्याकाळी मास्तर पेंटरला ओलांडून पुढे गेले, पेंटर पाय हलवत कडेला सरकला, आणि रिव्हेट सुटला. मी मिटले. पेंटर धाडकन फरशीवर आपटला.

सगळे हसले. कोणीतरी म्हणाले, "पेंटरचं वजन वाढलं, सुखाचं लक्षण आहे." ट्रकवाल्याने हात पुढे केला. पण पेंटर उठला नाही. पाय पसरून तसाच बसून राहिला. हसू एकेक करून थांबले.

"लागलं का रे?" मास्तरांनी विचारले.

"नाही," पेंटर म्हणाला. मग म्हणाला, "मास्तर, मी ठीक नाही."

त्याने पिशवी ओढली, ब्रश बाजूला केले आणि ती बाटली काढून समोर ठेवली.

"उघडलेली नाही," तो म्हणाला. "पण रोज विचार करतो. काही दुःख नाही मला. काम आहे, घर आहे, बायको आहे. ती अजून मी घरी आलो की दारातच जवळ येऊन माझ्या तोंडाचा वास घेते. घेऊ दे, तिचा हक्कच आहे. पण हात धुतले, जेवलो, पुढे काय? भिंतीकडे बघत बसतो. जन्मभर भिंतीच बघितल्या. ह्याच्यासाठी सोडली का मी?"

मग एक विचित्र गोष्ट माझ्या लक्षात आली. सगळे त्या बाटलीकडे बघत होते. तिच्यापासून खुर्च्या मागे सरकत होत्या. ती उचलून फेकायला हवी होती, पण उचलायची कोणी? त्या खोलीत असा एकही हात नव्हता, ज्याच्यावर त्या हाताच्या मालकाचाच भरवसा होता. मास्तरांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. ट्रकवाला तर खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

शेवटी मास्तरांनी दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या मावशींना हाक मारली. मावशी हातात खराटा घेऊन आल्या. त्यांनी बाटली बघितली, मग गोल करून बसलेले ते सगळे बाप्ये बघितले.

"एवढे धटिंगण आणि एक बाटली उचलवेना होय?" त्या म्हणाल्या. बाटली घेऊन बाहेर बेसिनपाशी गेल्या आणि पालथी केली. "शी, काय घाण वास. ह्याच्यापायी संसार बुडवता तुम्ही लोक?" वरून नळ सोडून बेसिन घासूनही काढले.

आत सगळे जण नळाचा आवाज बंद होईपर्यंत ऐकत राहिले. पेंटर रडत होता. मास्तर त्याच्यासमोर फरशीवर बसले. गुडघे दुखत असतानाही बसले. म्हणाले, "चुकलं माझं. इतकी वर्षं तुला विचारलंच नाही."

पेंटर त्या दिवशी मला उचलून घरी घेऊन गेला. "माझ्यामुळे मोडली, मीच दुरुस्त करतो," म्हणाला. अशा रीतीने मी पहिल्यांदा त्याचे घर पाहिले.

त्याची बायको कपडे अल्टर करून द्यायची. खिडकीशी तिचे शिलाई यंत्र होते, वर पँटींचा ढीग. दार उघडताच ती सवयीने जवळ आली. पेंटरने मला भिंतीशी टेकवले आणि दारातच तिला सगळे सांगितले. बाटली कधी घेतली, कुठे ठेवली, मावशींनी काय केले. ती ऐकत राहिली. तिने आरडाओरडा केला नाही. ती इतकी दमलेली दिसत होती, की मला वाटले हिला आधी कोणीतरी बसायला द्यावे, आणि मीच नेमकी मोडलेली.

मग ती म्हणाली, "अहो, सोडलीत ते खरं. पण धरलंत काय?"

पेंटर खाली वाकून बुटांवरचे चुन्याचे थेंब खरवडू लागला.

"पीत होतात तेव्हा तुमच्या संध्याकाळी भरलेल्या होत्या. वाईट होत्या, पण भरलेल्या होत्या. खोटं कशाला बोला. आता नुसत्या रिकाम्या आहेत. आणि माझ्याही." ती पुन्हा यंत्रावर जाऊन बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "ती खुर्ची इकडे आणा. धरते मी."

त्यांनी दोघांनी मिळून मला दुरुस्त केले. तिने पाइप धरला, त्याने रिव्हेटच्या जागी नटबोल्ट घातला. मग गंज खरवडला, पॉलिश पेपरने घासले, प्रायमर मारला. एक हात निळ्या रंगाचा दिला, वाळू दिला, मग दुसरा दिला. या वेळी मला घाईने कोणावर रचले नाही. पायाला नवी रबरी टोपी बसली. तिने उरलेल्या जाड कापडाची गादी शिवली. पेंटरने तिच्यावर टाके घालून पाहिले, ते इतके वाकडे आले की ती हसली. तो तिच्या हसण्याकडे बघत राहिला. मला वाटते, त्या घरात बऱ्याच वर्षांत कोणी हसले नव्हते.

मग त्याने खोलीतल्या बाकीच्या खुर्च्या आणल्या. रोज जेवण झाले की दोघे एकेक खुर्ची घेऊन बसायचे. तो घासायचा, ती शिवायची. कधी भांडायचे, कधी गप्प असायचे. पण मित्रांनो, खुर्च्या संपल्या. मी तुम्हाला खोटे सांगणार नाही. खुर्च्या संपल्या आणि संध्याकाळ पुन्हा होती तशीच समोर येऊन बसली. दोन आठवडे पेंटर पुन्हा भिंतीकडे बघत होता. फरक एवढाच, की आता तो ते बोलायचा. "आज भिंत," तो बायकोला म्हणायचा, आणि ती म्हणायची, "चला, चालून येऊ."

असेच चालताना त्यांना एक हौशी नाटक मंडळी भेटली. एका शाळेच्या तळघरात ते तालीम करायचे आणि त्यांना पडद्यावर रंगवलेले जंगल हवे होते. पेंटरने जन्मात एकरंगी भिंतींशिवाय काही रंगवले नव्हते. तो नाही म्हणणार होता. बायको म्हणाली, "करतील ते." झाले. पुढचे कित्येक दिवस तो रोज संध्याकाळी तिथे जायचा. पहिले झाड बघून बायको म्हणाली, "हे झाड आहे की खराटा?" त्याने ते पुसून पुन्हा काढले, पुन्हा पुसले. पाने एकाच हिरव्या रंगाची नसतात, हे आपल्याला आजवर दिसलेच नव्हते, असे तो म्हणायचा. वाटेने जाताना झाडापाशी थांबायचा आणि बायकोला ताटकळत ठेवायचा. तिने नाटकाचे कपडे शिवायला घेतले. मलाही काम मिळाले, तुरुंगातल्या खुर्चीचे. संवाद नव्हता, पण पडदा उघडला की प्रकाश पहिल्यांदा माझ्यावर पडायचा.

प्रयोग झाल्यावर आत बाटल्या उघडल्या. दिग्दर्शकाने एक पेला पेंटरपुढे केला. एरवी तो पोट बिघडल्याचे कारण सांगून सुटायचा. त्या दिवशी म्हणाला, "मी पीत नाही. पूर्वी फार प्यायचो." आभाळ कोसळेल असे त्याला वाटले असावे, कारण त्याने माझी पाठ घट्ट धरली होती. दिग्दर्शक म्हणाला, "बरं, मग सरबत घ्या," आणि पुढे गेला. पेंटर आणि त्याची बायको थोड्या वेळाने मागच्या दाराने निघाले. मला दोघांनी दोन बाजूंनी धरले होते. तो घामेजला होता, थकला होता, आणि पुढच्या नाटकात समुद्र लागणार म्हणून आतापासून काळजी करत होता.

मी पुन्हा त्या खोलीत आले. आता मास्तर जुन्यांनाही विचारतात. "कसा गेला आठवडा?" म्हणतात आणि थांबतात. पेंटर कधी म्हणतो, "समुद्र जमत नाही." कधी म्हणतो, "काल दुकानासमोर पाय थबकले होते." कधी अजूनही माझ्या कडेला बसतो. ते दिवस संपत नाहीत, मित्रांनो. ते मधूनमधून येतात आणि बोलले की जातात.

मागच्या गुरुवारी पाळी सगळ्यांपर्यंत फिरून आली. मास्तर म्हणाले, "चला, आवरू या."

"एक राहिलं," पेंटर म्हणाला.

"कोण?"

"तुम्ही."

मास्तर हसले. "माझं काय विचारतोस? मी ठीकच आहे."

त्या वाक्याचा अर्थ आता तिथे सगळ्यांना ठाऊक होता. कोणीच खुर्ची मिटली नाही. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला.

"बायको गेल्यापासून घरात दिवा लावत नाही," ते म्हणाले. "अंधारातच बसतो. आणि हल्ली घरी जाताना लांबच्या रस्त्याने जातो. त्या रस्त्यावर ते दुकान आहे."

"केव्हापासून?" पेंटरने विचारले.

"उन्हाळ्यापासून." त्यांनी चष्मा खिशात ठेवला. "कोणी विचारलंच नाही रे. मीही सांगितलं नाही."

पेंटर उठला. त्याने मला उचलले, मास्तरांच्या अगदी समोर ठेवले आणि गुडघ्याला गुडघा लागेल असा बसला. "सांगा," म्हणाला. खोलीची वेळ केव्हाच संपली होती. मावशी दारात कुलूप घेऊन आल्या, आत पाहिले आणि परत गेल्या.

मित्रांनो, मी थकले आहे. आता फार दिवस माणसांचा भार सोसणे मला जमेल असे वाटत नाही. पण तुमच्या घरातही असे कोणी असेल, जे कधीच कुरकुर करत नाही, ज्याच्याकडे बघून सगळे म्हणतात की याचे ठीकच चालले आहे. त्याच्याजवळ जाऊन बसा आणि कसा आहेस ते विचारा. तो ठीकच आहे म्हणेल. तेव्हा लगेच उठू नका.